क्षय ‘बरा’ झाल्यानंतरचा खोकला कोणाच्या खात्यात?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १२ ऑगस्ट २०२५ रोजी ब्रेन्सोकॅटिब या गोळीला मान्यता दिली. ब्रॉन्किएक्टेसिस या फुप्फुसविकारासाठी म्हणून मंजूर झालेले हे पहिलेच औषध. त्यामागची चाचणी त्याच वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली होती. १,७२१ रुग्ण ५२ आठवडे अभ्यासले गेले. नकली गोळी घेणाऱ्यांचा आजार वर्षाला सरासरी १.२९ वेळा उफाळला, तर १० मिलिग्रॅमची खरी गोळी घेणाऱ्यांचा १.०२ वेळा. म्हणजे सुमारे एकपंचमांश घट. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधील ऊती कुरतडणारी विकरे अस्थिमज्जेतच निष्क्रिय ठेवण्याची ही कल्पना सुंदर आहे आणि ती माणसांत खरी ठरली, हे विज्ञानाचे यशच होय.

वाद त्या गोळीशी नाही. वाद आहे ‘अखेर उपचार सापडला’ या वाचनाशी. या वाक्यात एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली असते. ती अशी, की रुग्णाला आपला आजार ठाऊक आहे, त्याचे कारण शोधून झाले आहे, जुने आणि स्वस्त उपाय करून झाले आहेत आणि उणीव होती ती केवळ या गोळीची. भारतात या साखळीतील पहिलीच कडी तुटलेली आहे. अमेरिकेत वर्षाला सुमारे ८८ हजार डॉलर किमतीची गोळी इथे उद्या फुकट वाटली, तरी ती नेमकी कोणाला द्यायची हे सांगता येणार नाही. कारण ज्यांना ती हवी, त्यांच्यापैकी अनेकांच्या कागदांवर ‘दमा’, ‘जुना खोकला’ किंवा ‘क्षय – बरा झालेला’ असे लिहिलेले आहे.

आजार नवा नाही. स्टेथोस्कोपचा जनक फ्रेंच वैद्य रेने लेनेक याने १८१९ साली त्याचे वर्णन केले. फुप्फुसांतील श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, त्यांच्या भिंती जाड व विद्रूप होतात आणि आतला कफ बाहेर टाकण्याची व्यवस्था कोलमडते. साचलेल्या कफात जीवाणू वस्ती करतात. त्यांच्याशी लढायला आलेल्या पेशी दाह निर्माण करतात. दाहाने भिंती आणखी झिजतात. झिजलेल्या भिंतींमुळे कफ आणखी साचतो. ब्रिटिश वैद्य पीटर कोल यांनी १९८०च्या दशकात मांडलेले हे दुष्टचक्र आजही या आजाराच्या आकलनाचा पाया आहे.

या चक्रात पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम दडलेला आहे. खोकला कफ बाहेर काढतो तो हवेच्या वेगाच्या बळावर. नळीचा व्यास दुप्पट झाला, की तिचे छेदक्षेत्र चौपट होते. तेवढ्याच प्रवाहात हवेचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. खळाळत्या प्रवाहाचा भिंतीवरील ओढ-दाब साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे तो उरतो सोळावा हिस्सा. नळीच्या अस्तरावरील पक्ष्माभिका एरवी कफाला वर ढकलत असतात. त्याही दाहात नष्ट झालेल्या असतात. रुग्ण जिवाच्या आकांताने खोकतो आणि कफ जागचा हलत नाही, तो या हिशेबामुळे. ‘जरा जोर लावून खोका’ हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी ठरतो. अडचण जोराची नसते, भूमितीची असते.

भारतातील चित्र काय आहे, हे सांगणारा मोठा दस्तऐवज उपलब्ध आहे. युरोपीय ‘एम्बार्क’ गट आणि भारतीय श्वसनरोग-संशोधकांचे जाळे यांनी मिळून जून २०१५ ते सप्टेंबर २०१७ या काळात देशभरातील ३१ केंद्रांवर २,१९५ प्रौढ रुग्णांची नोंद केली. ती २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील दोन आकडे विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावेत असे आहेत. पहिला: रुग्णांचे मध्यक वय ५६. हा म्हातारपणी अटळपणे येणारा विकार नव्हे. नोंदीतील निम्मी माणसे त्याहून तरुण होती. दुसरा: ७८० रुग्णांत, म्हणजे ३५.५ टक्क्यांत, आजाराचे मूळ पूर्वी होऊन गेलेल्या क्षयात होते. इतर कोणत्याही एका कारणाचा वाटा एवढा मोठा नव्हता.

या दुसऱ्या आकड्यापाशी थांबणे भाग आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी साधारण एकचतुर्थांश भारतात आहेत. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाने मिळवलेले यश नाकारण्यासारखे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये लाख लोकसंख्येमागे २३७ असलेले नव्या रुग्णांचे प्रमाण २०२४ मध्ये १८७ वर आले. पण कार्यक्रमाच्या हिशेबवहीत रुग्णाची गोष्ट ‘उपचार पूर्ण’ किंवा ‘बरा झाला’ या शब्दांपाशी संपते. जंतू गेला, खाते बंद झाले. फुप्फुसाचे खाते मात्र उघडेच राहते. क्षयाच्या जंतूने पोखरलेली नळी औषधांनी पूर्ववत होत नाही. उपचारानंतर दोन वर्षे पाठपुरावा करण्याची सूचना कार्यक्रमात आहे. पण तिचा रोख क्षय उलटतो की नाही यावर आहे, फुप्फुसाचे किती शिल्लक राहिले यावर नाही. जंतूंची मोजणी काटेकोर करायची आणि माणसाच्या श्वासाची करायचीच नाही, ही विज्ञाननिष्ठा अर्धवट आहे.

त्यानंतरचा प्रवास इतका ठरावीक आहे, की तो कोणत्याही जिल्ह्यात सापडेल. क्षयाचे औषध संपल्यावर दोन-तीन वर्षांनी रोज सकाळी वाटीभर पिवळट कफ पडू लागतो. मग ताप, मग पाच दिवसांची प्रतिजैविके, मग महिनाभर बरे, मग पुन्हा तेच. एक्स-रे काढला, की जुने व्रण दिसतात आणि एका नजरेत निष्कर्ष निघतो की क्षय उलटला. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी ‘संशयाचा फायदा’ म्हणून क्षयाची औषधे पुन्हा सुरू होतात. रेणवीय चाचणी केली, तर तीही पूर्वी उपचार झालेल्या माणसाच्या बाबतीत फसवू शकते. मेलेल्या जंतूंचे डीएनए काही काळ मागे राहते आणि यंत्र ते जिवंत समजून मोजते. शेवटचा निवाडा जंतुसंवर्धनाने, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याने होतो, आणि त्याला आठवडे लागतात. तेवढा धीर ना दवाखान्याला असतो ना रुग्णाला. यकृतावर ताण आणणारी औषधे पुन्हा सहा महिने घेऊनही खोकला तसाच राहतो, कारण त्या औषधांनी मारण्याजोगे आता तिथे काही उरलेलेच नसते.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये, की जुन्या क्षयरुग्णाच्या खोकल्याकडे क्षय म्हणून पाहूच नये. क्षय खरोखर उलटतो आणि तो आधी तपासलाच पाहिजे. तक्रार तपासण्याविषयी नाही; तपासणी नकारात्मक आल्यावर विचार थांबतो, याविषयी आहे.

निदान अवघड आहे का? एक्स-रे हे त्रिमितीय छातीचे द्विमितीय सावलीचित्र आहे. एकामागे एक असलेल्या शेकडो नळ्या, रक्तवाहिन्या आणि फासळ्या त्यात एकमेकींवर पडतात, म्हणून ब्रॉन्किएक्टेसिस असूनही एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. सीटी स्कॅन तीच छाती मिलिमीटरभर जाडीच्या चकत्यांत उलगडतो. मग पाहायचे ते तीन गोष्टींसाठी. शेजारच्या धमनीपेक्षा श्वासनलिका रुंद आहे का? पुढे जाताना ती निमुळती होण्याऐवजी तशीच राहते का? फुप्फुसाच्या कडेपासून एक सेंटिमीटरच्या आत, जिथे ती एरवी दिसूच नये, तिथे ती दिसते का? रुंद नळी आणि तिला चिकटलेली धमनी मिळून चकतीत खड्याच्या अंगठीसारखी आकृती दिसते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ती एकदा दाखवली, की तो जन्मभर विसरत नाही.

केवळ चित्रावर निदान करू नये, हेही तितकेच खरे. वयाने किंवा अन्य कारणांनी थोडी रुंदावलेली नळी निरोगी माणसातही आढळते. म्हणून तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीने व्याख्या ठरली आहे. आठवड्यातील बहुतेक दिवस खोकला, बहुतेक दिवस कफ आणि आजार उफाळल्याचा इतिहास, या तिहींपैकी किमान दोन लक्षणे आणि जोडीला सीटीवरील पुरावा. रुग्णाला तीन प्रश्न आणि एक चित्र. एवढ्यावर जो आजार ओळखता येतो, तो वर्षानुवर्षे अनोळखी राहावा, याला तंत्रज्ञानाचा अभाव हे कारण देता येत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात ‘एचआरसीटी स्कोअर’ हा शब्द देशातील घराघरांत पोहोचला होता. मोबाइलवर तो आकडा शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवला जात होता. ज्यांना त्याची गरज नव्हती, अशांचेही स्कॅन तेव्हा निघाले. आज ज्याला महिनोन्महिने कफ पडतो आहे, त्याच्यासाठी तेच यंत्र ‘महाग’ आणि ‘अनावश्यक’ ठरते.

निदान झाले म्हणजे काम झाले असेही नाही. कारण शोधावे लागते. युरोपीय श्वसन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेने किमान तपासण्या सांगितल्या आहेत: रक्तपेशींची गणना, रक्तातील इम्युनोग्लोब्युलिनची पातळी आणि ॲस्परजिलस बुरशीच्या ॲलर्जीची चाचणी. या तिन्ही साध्या रक्तचाचण्या आहेत. भारतीय नोंदवहीतील २,१९५ रुग्णांपैकी बुरशीच्या ॲलर्जीची चाचणी झाली होती ३८८ जणांची. इम्युनोग्लोब्युलिन मोजले गेले होते ८२ जणांचे, म्हणजे शंभरात चारांचेही नाही. आणि ही गावखेड्यातील दवाखान्यांची कथा नव्हे. संशोधनासाठी नोंदणी करू शकतील अशा केंद्रांची आहे.

यातील विसंगती बोचणारी आहे. ॲस्परजिलसच्या ॲलर्जीतून होणाऱ्या फुप्फुसविकारावर जगात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या संशोधकांत चंदीगडच्या पीजीआयमधील डॉ. रितेश अगरवाल अग्रभागी आहेत. या विकाराचे २०२४ मध्ये सुधारलेले आंतरराष्ट्रीय निकष त्यांच्या पुढाकाराने तयार झाले. ॲस्परजिलस फ्युमिगेटस विरोधी विशिष्ट आयजीई ०.३५ एककांहून आणि एकूण आयजीई ५०० एककांहून अधिक असणे, हा उंबरठा जगाने भारतीय नेतृत्वाखाली स्वीकारला. जगासाठी निकष लिहिणारा देश आपल्याच रुग्णांना तो निकष लावत नाही. या विकाराला उपचार आहे. स्टेरॉइड किंवा बुरशीरोधक औषधांनी तो आटोक्यात येतो आणि नळ्यांची पुढची हानी रोखता येते. ज्याची चाचणीच झाली नाही, त्याची नळी मात्र प्रत्येक वर्षी थोडी अधिक रुंदावत राहते.

प्रतिजैविकांचीही तीच गत. या आजारात आज घेतलेली कफाची तपासणी उद्याचे औषध ठरवते. भारतीय नोंदीत सर्वाधिक आढळलेला जीवाणू होता स्यूडोमोनास एरुजिनोसा, ३०१ रुग्णांत. हा जीवाणू असलेल्यांचा आजार अधिक वेळा उफाळतो. नेहमीची सर्दी-खोकल्याची प्रतिजैविके त्याच्यावर चालत नाहीत. कफ न तपासता दर दोन महिन्यांनी दिलेली चिठ्ठी जीवाणूला फक्त तालीम देते. उलट, विचारपूर्वक दिलेले जुने औषधही किती उपयोगी ठरते, हे न्यूझीलंडमधील १४१ रुग्णांच्या चाचणीने २०१२ मध्ये दाखवले. आठवड्यातून तीनदा ॲझिथ्रोमायसिन घेणाऱ्यांत सहा महिन्यांत आजार उफाळण्याचे प्रमाण प्रतिरुग्ण ०.५९ होते, तर नकली गोळी घेणाऱ्यांत १.५७. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी मांडून औषधांची शर्यत लावणे अशास्त्रीय ठरेल. पण पेटंट संपलेल्या, गल्लीतील दुकानात मिळणाऱ्या औषधाकडे असा पुरावा आहे, ही बातमी कोणी मोठ्या अक्षरांत छापली नाही. अर्थात तेही डोळे मिटून देण्याचे औषध नव्हे. क्षयेतर मायकोबॅक्टेरिया कफात नाहीत याची आधी खात्री करावी लागते, हृदयाचा आलेख पाहावा लागतो. पुन्हा प्रश्न येतो तो तपासणीशीच.

राहिला सर्वांत दुर्लक्षित उपाय: कफ रोज बाहेर काढण्याची शिकवलेली पद्धत. वर आलेली भूमितीची अडचण इथे सुटते. घसा उघडा ठेवून, मध्यम श्वास घेऊन हवा ‘हाऽ’ करत सोडली, की छातीतील दाबाने नळी ठरावीक जागी क्षणभर अरुंद होते. तिथे हवेचा वेग वाढतो आणि कफ सुटतो. किती श्वास घेऊन सोडायचा, यावर ती जागा आत किंवा बाहेर सरकवता येते. कोणत्या कुशीवर झोपल्याने कोणता भाग गुरुत्वाकर्षणाने रिकामा होतो, हेही शिकवता येते. स्पेनमध्ये ४४ रुग्णांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसातून दोनदा अशी पद्धत वापरणाऱ्यांचा कफ अधिक निघाला आणि आजार कमी वेळा उफाळला. अभ्यास लहान आहे, हे मान्य. स्वस्त ते सारे चांगले, असाही दावा नाही. कफ पातळ करणारे औषध आणि खारट पाण्याची वाफ यांनी आजार उफाळण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटत नाही, असे २०२५ मधील ब्रिटिश चाचणीने दाखवून दिले आहे. पुरावा उलट गेला तर उपाय सोडावा, पुरावा अनुकूल असेल तर तो वापरावा. इथे मात्र उलटे चालते. कफ पातळ करणारी बाटली प्रत्येक चिठ्ठीवर असते आणि श्वासाची पद्धत शिकवणारा फिजिओथेरपिस्ट कोणत्याच चिठ्ठीवर नसतो.

त्यामागे आर्थिक रचनाही आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देते, पण रुग्णालयात दाखल झाल्यावरच. बाह्यरुग्ण विभागातील खर्च तिच्यात बसत नाही. ब्रॉन्किएक्टेसिसचा खरा उपचार घरी आणि बाह्यरुग्ण विभागात होतो: कफाची तपासणी, रक्तचाचण्या, श्वासाची तालीम, लसी. त्यासाठी रुग्णाने खिशात हात घालायचा. तेवढे झाले नाही, न्युमोनिया झाला किंवा रक्ताची उलटी व्हावी तसे खोकल्यातून रक्त आले, की मग सरकारी तिजोरी उघडते. वेळेवर उपचार करणाऱ्याला शिक्षा आणि बिघडू देणाऱ्याला अनुदान, असे या रचनेचे सार निघते.

या मांडणीवर आक्षेप येतील. पहिला: जिथे क्षयालाच पैसा अपुरा पडतो, तिथे त्याच्या मागे राहिलेल्या व्रणांची चिंता ही चैन आहे. पण पुन्हा पुन्हा नाहक दिलेली क्षयाची औषधे, पुन्हा पुन्हा दिलेली चुकीची प्रतिजैविके आणि दवाखान्यातील खाटा यांचा खर्च त्याच तिजोरीतून होतो. दुसरा: प्रत्येक बऱ्या झालेल्या क्षयरुग्णाचा सीटी काढणे शक्य नाही. खरे आहे, आणि ती मागणीही नाही. आठ आठवड्यांहून अधिक काळ कफ पडत असलेल्या आणि क्षयाची तपासणी नकारात्मक आलेल्या माणसाचा काढावा, एवढेच. तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक: तज्ज्ञ मोजके आहेत. म्हणूनच पहिली पायरी तज्ज्ञाविना चढता आली पाहिजे. क्षयाची औषधे घरोघर पोहोचवणारी, रुग्णाला नावाने ओळखणारी माणसे या देशात आहेत. ‘रोज कफ पडतो का? किती? वर्षात किती वेळा औषधे घ्यावी लागली?’ हे प्रश्न विचारायला एमडीची पदवी लागत नाही.

मागण्या त्यातूनच निघतात. क्षयाचा उपचार संपण्याच्या दिवशी प्रत्येक रुग्णाच्या लक्षणांची आणि शक्य तिथे स्पायरोमेट्रीची नोंद व्हावी, आणि ती ‘निक्षय’ संकेतस्थळावर जंतूंच्या नोंदीशेजारीच असावी. क्षयाची औषधे पुराव्याविना दुसऱ्यांदा सुरू करण्यापूर्वी ब्रॉन्किएक्टेसिसचा विचार केल्याचे कागदावर लिहिणे बंधनकारक असावे. वैद्यकीय महाविद्यालयांत निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या त्या तीन रक्तचाचण्या आणि कफाचे जंतुसंवर्धन विनामूल्य व्हावे. जिल्हा रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टला कफ काढण्याच्या पद्धतीचे प्रशिक्षण मिळावे. यातील एकाही गोष्टीसाठी नवा रेणू शोधावा लागत नाही, परदेशी कंपनीच्या परवान्याची वाट पाहावी लागत नाही.

ब्रेन्सोकॅटिब भारतात यावे, त्याची किंमत परवडण्याजोगी व्हावी, क्षयोत्तर ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये ते किती चालते याच्या चाचण्या इथल्या रुग्णांवर व्हाव्यात. हे सारे हवेच आहे. पण त्या चाचण्यांसाठी रुग्ण शोधायला निघालेल्या संशोधकाला आधी जुन्या क्षयरुग्णांच्या याद्या उघडाव्या लागतील. ‘बरा झाला’ असा शिक्का मारलेल्या त्या नावांपैकी किती जण आज सकाळी कफ काढत बसले होते, हे विचारायचे काम त्यापूर्वीच सुरू व्हायला हवे.